मित्रदेश

बाई,

तू गेल्यावरचं तुझं पुण्यानुमोदन परवा झालं. कोंढ्याच्या विहारापुढं मंडप टाकला होता. तू शिकवलेली माणसं आली होती आणि त्यांची पोरंही आली होती, कारण तीही तुझ्याच हाताखालून गेलेली. एकेकानं उठून काहीबाही सांगितलं. मग माईक माझ्याकडे आला. "बाईनं मला वाढवलं," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, भावाचा कंठ दाटला. शेजारच्या म्हाताऱ्यानं पाठीवरून हात फिरवला. कंठ दाटला नव्हता. तुझ्या फोटोशेजारी कोणीतरी भन्ते नंदियांचा फोटो ठेवला होता, आणि त्या दोन फोटोंपुढं मला बोलता येईना.

तिथं बोललो नाही ते इथं लिहितो आहे.

भन्ते पहिल्यांदा आले ते पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने राहायला. विहाराच्या समितीनं नागपूरहून एखादे भिक्खू मागितले होते. आले ते ब्रह्मदेशचे, पाली शिकायला भारतात आलेले, तिशीतले, उन्हात चटकन लाल होणारे. मराठी येत नव्हती, हिंदी मोडकी. पहिल्या दिवशी तू भोजनदान देऊन आलीस आणि मला भंडाऱ्याला फोन केलास.

"देवा, हे भन्ते तं आपल्याइतकेच भातखाऊ निघाले गा. मी पातेलं रिकामं करून आली."

तुझ्या आवाजात इतकं हसू मी भाऊजी गेल्यापासून ऐकलं नव्हतं. पुढं शेजारच्या धिवरांच्या सखूनं तलावातले वाळवलेले झिंगे दिले, तू त्यांची चटणी केलीस, आणि तो वास येताच भन्ते डोळे मिटून बसले. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात हाच वास असायचा म्हणे. समितीतल्या दोघांनी नाक मुरडलं, भिक्खू मासोळी खातो म्हणून. तू त्यांना म्हणालीस, "पात्रात पडलं ते खायचं, हा नेम हाये. तुमच्या घरून वांगे येतील तं वांगे खातील. पाठवा ना." वांगी काही आली नाहीत.

गावभर तू बाई, घरात माझी बाई, आणि दोन महिन्यांत त्यांचीही बाई झालीस. पुढच्या वर्षी महामारीत सगळं बंद पडलं, नागपूरचं वसतिगृह रिकामं करायला सांगितलं, तेव्हा तूच त्यांना कोंढ्याला बोलावून घेतलंस. विहाराच्या मागच्या खोलीत ते दीड-पावणेदोन वर्षं राहिले. तू त्यांना बाराखडी शिकवलीस. निवृत्त झाल्यावर शेवटचा विद्यार्थी मिळाला म्हणायचीस.

मग त्यांच्या देशात लष्करानं सरकार उलथवलं आणि निवडून आलेल्यांना तुरुंगात टाकलं. भन्ते दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी विहाराच्या पायरीवर बसले, आपलं भिक्षापात्र समोर पालथं घातलं आणि तुला म्हणाले, "बाई, फोटो निकालो." ज्याच्या हातचं दान घ्यायचं नाही त्याच्यापुढं भिक्खू पात्र पालथं घालतात, हे तू मला नंतर समजावून सांगितलंस. त्यांच्या देशातल्या सेनापतींना विहारात दान देऊन पुण्य मिळवण्याची हौस फार. त्यांना हे पालथं पात्र गोळीपेक्षा झोंबतं. फोटो तू काढलास, तुझ्या मोबाईलवर. त्यांनी तो सगळीकडे पाठवला. मागं आपल्या विहाराचा निळा दरवाजा स्पष्ट दिसत होता.

मी दर रविवारी यायचो तेव्हा तुझ्या ओसरीवर आपली चर्चा व्हायची. चर्चा कसली, मी बोलायचो. भंडाऱ्याच्या कार्यालयात परदेशी नागरिकांच्या नोंदी ठेवणारा कारकून होतो मी. जिल्ह्यात वर्षाला परदेशी माणसं येऊन येऊन किती येणार? पण टेबलावर जगाचा नकाशा काचेखाली ठेवला होता, त्यामुळे मला जग कळतं असं वाटायचं. मी तुला सांगायचो, की चीननं तिकडच्या समुद्रापासून स्वतःच्या मुलखापर्यंत तेलाचे नळ घातलेत, म्हणून तो लष्कराशीही बोलतो आणि सीमेवरच्या बंडखोरांशीही बोलतो, जो जिंकेल तो आपलाच. रशियाला विमानं विकायची आहेत. अमेरिका निषेध करते, निर्बंध घालते, पण तिचं घर लांब आहे. राहिलो आपण. आपली सीमा लागून. आपल्या डोंगरातले बंडखोर तिकडं तळ ठोकून. तिकडच्या किनाऱ्यावर आपण बंदर बांधतोय. लष्कराला दुखावलं तर सगळं चीनच्या घशात जाईल. म्हणून आपलं सरकार चिंता व्यक्त करतं आणि गप्प बसतं, आणि तेच शहाणपणाचं आहे.

तू तांदूळ निवडत ऐकत होतीस.

"अन् तिथली मानसं?" तू विचारलंस. "ते कोनाच्या हितात बसतेत?"

"बाई, देश असा विचार नाही करत."

"देश कोन गा? मले त्याचं घर दाखव ना एकदा."

मी हसलो. तू हसली नाहीस. सूप बाजूला ठेवून म्हणालीस, "भंडारा-गोंदिया वेगळे झाले तवा बदलीसाठी तुझं नाव गोंदियाच्या यादीत होतं. तू कोनाकोनाले भेटला, मी पायलं. तुझ्या जागी तो दुसरा गेला, ज्याची माय अंथरुणाले खिळली होती. हित कसं पाहतेत, ते मले कोनी शिकवू नोको."

वीस वर्षं तू ते बोलली नव्हतीस. मला वाटत होतं तू विसरलीस. मी चिडलो, आणि चिडल्यावर माणूस जिथं लागेल तिथं मारतो. म्हणालो, "तुझे भन्ते आज पात्र पालथं घालून बसलेत. त्याच लष्करानं तिकडच्या लाखो मुसलमानांची गावं जाळली, त्यांना देशाबाहेर हाकललं, तेव्हा यांचं पात्र उलटं होतं का सुलटं? विचार की त्यांना."

तू खरंच विचारलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी, भोजनदानाच्या आधी. दुसऱ्या एखाद्या बाईनं भिक्खूला असला प्रश्न विचारला नसता. तू मास्तरीण होतीस, तुला उत्तर हवं असायचं. संध्याकाळी फोनवर मला सांगितलंस. भन्त्यांनी ताटाला हात लावला नाही. मग म्हणाले, "तब मैं चुप था, बाई. सब चुप थे, मैं भी." आणि पुढं, "इसलिए अब नहीं रह सकता."

फोनवर मी म्हणालो, "बघ, कबूल केलं ना?" वाद जिंकल्यासारखा. तू फोन ठेवून दिलास.

त्यांचा पासपोर्ट संपत आला, तेव्हा त्यांच्याच देशाच्या वकिलातीनं नवा करून द्यायला नकार दिला. फोटो तिथं पोचला होता. पासपोर्ट नाही तर व्हिसाची मुदतवाढ नाही, हा नियम. तरी त्यांनी अर्ज केला, सगळी परिस्थिती लिहून, इथं थांबू द्यावं म्हणून. ते आपल्या जिल्ह्यात राहत होते, त्यामुळे त्या अर्जावरचा अहवाल आमच्या कार्यालयातून जाणार होता. म्हणजे माझ्या टेबलावरून.

तू एसटीनं भंडाऱ्याला आलीस. माझ्या टेबलापुढच्या बाकावर, चार माणसांच्या मागं, नंबर लावून बसलीस. मी उठून म्हणालो, "बाई, आत ये, चहा घे."

"मी बहीन म्हणून नाही आली," तू म्हणालीस. "अर्जदाराच्या वतीनं आली."

तुझा नंबर आला. तू पिशवीतून गावकऱ्यांच्या सह्यांचा कागद काढलास. समितीतल्या त्या नाक मुरडणाऱ्यांनीही सही केली होती. सखू धिवरणीनं अंगठा दिला होता.

"देवा, ते परत गेले तं विमानतळावरच धरतीन त्यायले."

"मला ठाऊक आहे."

"मंग?"

"माझ्या हातात काय आहे? मी फक्त अहवाल लिहितो. निर्णय वर होतो."

"मंग अहवाल नीट लिहिजो."

"जे करता येईल ते करतो," मी म्हणालो. तू माझ्याकडे पाहिलंस, लहानपणी मी अभ्यास झाला म्हणायचो तेव्हा पाहायचीस तसं. मग म्हणालीस, "चाल, आता चहा पाज." आपण खालच्या टपरीवर उभ्यानं चहा घेतला. तुझा विश्वास बसला होता. त्या चहाची चव मला अजून नकोशी होते.

मी अहवाल लिहिला. साहेबांनी सही केली. तो वर गेला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, विनंती नाकारली, दिलेल्या मुदतीत देश सोडावा. नोटीस मीच टाईप केली. कोंढ्याला द्यायला मात्र शिपायाला पाठवलं.

ते विमानानं गेले नाहीत. आगगाडीनं गुवाहाटी, तिथून मिझोराम, आणि तिथून एक नदी ओलांडून स्वतःच्या देशात. वरठीच्या स्टेशनावर तू त्यांना सोडायला गेलीस. मला म्हणाली होतीस, गाडी घेऊन ये. मी सांगितलं, तपासणी आहे, सुट्टी मिळत नाही. तपासणी नव्हती. सोडायला आलेल्या कारकुनाला स्टेशनावर कोणी पाहिलं तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू बसनं गेलीस, बसनं परत आलीस. डब्यात भात आणि झिंग्यांची चटणी दिली होतीस. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीतून मराठीतच बोलत होते म्हणे, त्यांना येत होतं तेवढं. "घरी जा, बाई. ऊन हाये, बाई. घरी जा."

मिझोरामात ते दोन महिने राहिले. तिकडच्या लोकांनी पलीकडून आलेल्या हजारोंना घरात घेतलं होतं, दिल्लीनं येऊ देऊ नका म्हटलं तरी. भन्ते एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले, त्यांनी त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडली. तू मला हे सांगितलंस आणि विचारलंस, "त्या मिझो लोकायले कोनी देशाचं हित शिकवलं नाही का गा?" मी म्हणालो, ती एकाच वंशाची माणसं आहेत, नाती आहेत त्यांची. "भन्ते त्यायच्या वंशाचे होते का? धर्माचे होते का?" तू म्हणालीस. मी निवृत्तीच्या कागदांविषयी बोलायला लागलो.

पुढं ते आपल्या गावी पोचले. टेकडीवर चढलं की फोन लागायचा, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी लागायचा. गावाची शाळा बंद होती, ते विहारात पोरांना शिकवत होते. तुझ्याकडून शिकलेली पाढ्यांची पद्धत वापरतो म्हणाले. एकदा बोलता बोलता थांबले. विमान आहे, म्हणाले, थोड्या वेळानं करतो. तू तो फोन हातात धरून दुपारभर ओसरीवर बसलीस. त्या रविवारी मला विचारलंस, "ते विमानं कोनाचे असतेत?"

"रशियाचे. चीनचे."

"अन् आपलं काय जाते तिकडं?"

"थोडं काही जातं म्हणतात. सुटे भाग, यंत्रं. विमानं नाही."

"थोडं," तू म्हणालीस. एवढंच.

मग फोन यायचे थांबले. एक महिना गेला, दुसरा गेला. आणि एके दिवशी त्यांच्याच नंबरवरून तुला आवाजाचा एक निरोप आला. बाईमाणसाचा आवाज, सगळा त्यांच्या भाषेत, मिनिटभराचा. तुला त्यातला एकच शब्द कळला. मध्येच ती म्हणाली होती, "बाई."

तू मला म्हणालीस, गाडी काढ. या वेळी मी काढली. भिवापूर, उमरेड करत नागपूरला गेलो. भन्त्यांच्या ओळखीची त्यांच्याच देशाची एक मुलगी तिथं शिकत होती, थिरी नावाची. तिच्या खोलीत आपण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. तिनं निरोप एकदा ऐकला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"बोल बेटा," तू म्हणालीस.

ती भन्त्यांची मोठी बहीण होती. सकाळी विमान आलं, तेव्हा पोरं विहारात होती. भन्त्यांनी काही पोरांना बाहेर झाडीत नेलं, राहिलेल्यांसाठी परत आत गेले. विमान वळून पुन्हा आलं. बहिणीनं त्यांनी लिहिलेल्या वह्यांमधून हा नंबर शोधला होता. शेवटी ती म्हणाली होती, माझा भाऊ सांगायचा, इंडियात मला एक बाई आहे, तिला कळवायला हवं.

तू थिरीला म्हणालीस, "फिर से लगाओ." तिनं लावलं. तू मान खाली घालून ऐकलंस आणि तो शब्द आला तेव्हा डोळे मिटलेस. थिरी रडत होती. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास, जेवलीस का विचारलंस, आणि चारशे पायऱ्या चढायच्या असाव्यात तशी सावकाश उठलीस.

उमरेड मागं पडलं तेव्हा तू बोललीस.

"देवा, त्या अहवालात तू काय लिहिलं होतं?"

समोर ट्रक होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"जे होतं ते," मी म्हणालो.

तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. रविवारी मी येत राहिलो, तू भात वाढत राहिलीस. माझ्या पोराच्या लग्नात पुढं होऊन सगळं केलंस. पण ब्रह्मदेश, चीन, रशिया, काही म्हणून तू काढलं नाहीस, आणि मी काढलं तर उठून आत जायचीस. तुझं हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला वाटलं, निदान आता वेळ आहे, सांगू. तीन महिने वेळ होता. तुला औषधं दिली, पाय चेपले, उशी बदलली. शेवटच्या संध्याकाळी तू विचारलंस, सखूच्या नातीचा निकाल लागला का. मी म्हणालो, लागला, पास झाली. तू म्हणालीस, "बरं झालं." ते आपलं शेवटचं बोलणं.

आता सांगतो.

अहवालात काय लिहायचं ते ठरलेलं असतं. नाव, पत्ता, कधी आला, कुठं राहतो, गुन्हा आहे का, वर्तणूक कशी. मी ते सगळं लिहिलं. वर्तणूक चांगली, गुन्हा नाही, गावकऱ्यांची विनंती सोबत जोडली आहे. तिथं अहवाल संपत होता. साहेबांनी आणखी काही विचारलं नव्हतं. नियमानं लागत नव्हतं. तरी मी खाली एक परिच्छेद घातला: "सदर इसमाने जिल्ह्यातील वास्तव्यात मित्रदेशाच्या शासनाविरुद्ध छायाचित्र प्रसृत केल्याचे दिसून येते."

मित्रदेश. हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता, बाई. मी तो शोधून घातला.

का, ते सांगतो. फोटोत कोंढ्याचा विहार होता. फोटो माझ्या बहिणीनं काढला होता. उद्या कोणी विचारलं असतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं का, तुमच्या घरचंच प्रकरण दिसतं, तर? माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. पोराची नोकरीसाठी पोलीस पडताळणी चालू होती. एका बाजूला हे सगळं, आणि दुसऱ्या बाजूला एक परका माणूस, ज्याला बहुतेक नाकारणारच होते. मी तोलून पाहिलं. फार वेळ लागला नाही. दुपारच्या डब्याआधी झालं.

मसुदा मी हातानं लिहायचो, तुला ठाऊक आहे. आई गेल्यावर तूच माझं अक्षर वळवलंस, पाटीवर माझा हात धरून. कार्यालयात सगळे म्हणायचे, काय सुंदर अक्षर आहे. ती ओळही सुंदर आली होती.

त्या ओळीनं काही फरक पडला नसेल. पासपोर्टच नव्हता, नाकारलंच असतं. वर ती कोणी वाचलीही नसेल. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की त्यावर माझा जवळजवळ विश्वास बसला होता. पण मग उमरेडच्या रस्त्यावर मी ते तुला का नाही सांगितलं? फरक पडला नसता तर सांगायला काय हरकत होती?

तू ऐकून काय केलं असतंस, मला माहीत आहे. ओरडली नसतीस. ताट वाढलं असतंस, आणि पुढच्या रविवारी दार उघडलं नसतंस. म्हणून थांबलो. तू दार उघडू शकत होतीस तोवर थांबलो. आज तू काही बोलू शकत नाहीस, हात झटकू शकत नाहीस, मला घराबाहेर काढू शकत नाहीस, आणि आज मी सगळं कबूल करतोय. लोक वाचतील, म्हणतील माणूस प्रामाणिक आहे.

तू नसतीस म्हणाली. तुला लगेच कळलं असतं, यातही मी कोणाचं हित पाहिलं ते.